उशीर करणे आणि उशीर होणे

मराठी भाषेत 'उशीर करणे' आणि 'उशीर होणे' असे दोन शब्दप्रयोग आहेत. दोहोंचा परिणाम एकच; गाडी चुकते, पंगत उठते, दार बंद होते. परंतु नीतीच्या दृष्टीने पाहिले असता ह्या दोन प्रयोगांमध्ये फार मोठे अंतर आहे. 'मी उशीर केला' असे म्हणणारा मनुष्य दोष आपल्या अंगावर घेतो. 'मला उशीर झाला' असे म्हणणारा विभक्तीच्या आडोशाला जाऊन बसतो आणि दोष परिस्थितीवर सोपवितो. पुष्कळदा तो खरे बोलत असतो, पुष्कळदा खोटे. घरातील वडीलधारी माणसे हा भेद बरोबर ओळखतात. मूल शाळेतून उशिरा घरी आले, तर आई आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहते आणि मग घड्याळाकडे. संस्थेला मात्र चेहरा पाहण्याची सोय नसते. ती एक तारीख ठरविते, ती तारीख उलटली की दर वाढविते, आणि नियम सर्वांस सारखा आहे ह्या समाधानात स्वस्थ राहते. ज्याने उशीर केला आणि ज्याला उशीर झाला, त्या दोघांना एकाच मापाने मोजणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता लहान दिसतो. तो लहान नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आणि ते वाटण्याचे कारण माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट आहे.

पुण्यात भरलेल्या एका शिक्षण-तंत्रज्ञान परिषदेच्या व्यवस्थापक समितीत मी होतो. अशा परिषदांचा प्रघात असा की, प्रतिनिधींच्या नोंदणी-शुल्काचे दोन-तीन दर असतात. आमच्या परिषदेतही तसे होते. परिषदेच्या दोन महिने आधी पैसे भरणाऱ्यास तीन हजार रुपये, त्यानंतर भरणाऱ्यास साडेचार हजार. पहिल्या दरास हल्ली सर्वत्र 'अर्ली बर्ड' म्हणतात, आणि आम्हीही पत्रकात तोच शब्द छापला होता. ही तारीख सुचविणारा मीच. लोक शेवटच्या घटकेपर्यंत वाट पाहत बसतात, त्यांना शिस्त लागली पाहिजे, हा माझा युक्तिवाद समितीस पटला व तारीख एकमताने ठरली.

ती तारीख उलटून गेल्यावर दोन पत्रे आली. एक शिरूर तालुक्यातील एका प्राथमिक शिक्षकाचे होते. त्यांच्या वर्गात मुलांच्या बोलीभाषेतील गोष्टी ध्वनिमुद्रित करून त्यांवरून वाचन शिकविण्याचा एक प्रयोग चालला होता व तो त्यांना परिषदेत दाखवावयाचा होता. परिषदेस जाण्याची लेखी परवानगी त्यांच्या हाती पडली ती आमच्या तारखेनंतर नऊ दिवसांनी. परवानगीवाचून तीन हजार रुपये भरण्याचे धाडस त्यांनी केले नाही, कारण पैसे परत मिळणार नाहीत असे आमच्याच पत्रकात स्पष्ट लिहिले होते. दुसरे पत्र दौंडच्या एका प्राध्यापिकेचे होते. त्यांचा निबंध स्वीकारल्याचे आम्हीच त्यांना कळविले होते, आणि तेही स्वस्त दराची मुदत संपल्यावर चार दिवसांनी! दोघांनीही पहिल्या दराने पैसे घ्यावेत अशी विनंती केली होती. उत्तर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. 'नियम सर्वांस सारखा आहे. एकास सवलत दिल्यास सर्वांस द्यावी लागेल,' असे मी दोघांस लिहिले. प्राध्यापिका आल्या, त्यांनी साडेचार हजार भरले व निबंध वाचून दुपारच्या गाडीने परत गेल्या. शिक्षक आले नाहीत.

वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल की, दीड हजार रुपयांच्या फरकासाठी एवढे चिंतन कशाला? परंतु ह्या परिषदा आता केवळ हौसेच्या राहिलेल्या नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची जी पद्धत आणली, तीत परिषदेत निबंध वाचण्यास गुण होते. तेव्हापासून परिषद हा महाविद्यालयीन जीवनाचा एक भागच होऊन बसला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक वाढीसाठी देण्याची अपेक्षा केली. जे कर्तव्य म्हणून सांगितले जाते, त्याचे दार किती रुंद ठेवावयाचे, हा मग केवळ व्यवस्थेचा प्रश्न राहत नाही.

आणि शिक्षण-तंत्रज्ञान हा विषय तर असा आहे की, त्याचे मूळ प्रयोजनच दूरच्या शाळेपाशी आहे. १९७५ साली एका अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने आपल्या देशातील सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभर दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. शहरात शिक्षक होते, पुस्तके होती, म्हणून तो प्रयोग खेड्यांसाठी होता. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४च्या डिसेंबरात गोव्यात विज्ञान-शिक्षणाच्या संशोधनावरील आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका सुरू केली, आणि २००९ पासून 'टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन' ह्या नावाने निरनिराळ्या नगरांत परिषदा भरू लागल्या. अशा सभांतून जे विचार मांडले जातात, त्यांचा शेवट कोणत्या तरी वाडीवरच्या चार भिंतींत व्हावयाचा असतो. किंबहुना कित्येक कल्पनांचा उगमही तेथेच होतो. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर संकेत छापून त्याला ध्वनी व चित्र जोडण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले ह्यांनी केला, आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ती पद्धत आली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या दहा लाख डॉलरांपैकी अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकण्याचे जाहीर केले. तेव्हा ज्या सभेत खेड्यातील शाळेविषयी बोलावयाचे, त्या सभेत खेड्यातील शिक्षकाची खुर्ची रिकामी राहिली, तर नुकसान त्या शिक्षकाचे होतेच. परंतु सभेचे त्याहून अधिक होते.

तथापि व्यवस्थापकांची बाजू मांडल्यावाचून निकाल देणे योग्य नव्हे, आणि ती बाजू मला पूर्ण ठाऊक आहे. सभागृहाचे पैसे आगाऊ द्यावे लागतात. वक्त्यांच्या प्रवासाची तिकिटे काढावी लागतात. दीडशे माणसे येणार की तीनशे, हे कळल्याखेरीज आचाऱ्यास काय सांगावयाचे? 'येतो, येतो' म्हणून शंभर जणांनी कळवावे आणि प्रत्यक्षात साठच पाने मांडली जावीत, हा अनुभव लग्नकार्य केलेल्या प्रत्येक गृहस्थास असतो. जो दोन महिने आधी पैसे भरतो, तो समितीची चिंता तितकी कमी करतो. त्याने घेतलेल्या ह्या भाराबद्दल त्यास काही सूट मिळाली, तर तीत अन्याय नाही. आळसाने दिवस ढकलणाऱ्या माणसाचा भार त्याने का वाहावा? येथपर्यंत माझा जुना युक्तिवाद मला आजही मान्य आहे.

परंतु ही सूट किती असावी, ह्याचा हिशेब आम्ही केला नव्हता. तो मी नंतर एके दिवशी कागदावर केला. तीन हजार रुपये दोन महिने आधी हाती आले, तर दरसाल दर शेकडा बारा रुपये व्याजाने त्यांचा लाभ होतो साठ रुपये. आम्ही फरक ठेवला होता दीड हजारांचा. उरलेले चौदाशे चाळीस रुपये कशाचे? संख्या आधी कळते, ह्याचे म्हणावे, तर आचाऱ्यास संख्या लागते आठवडाभर आधी. छातीवर लावावयाच्या नावाच्या चिठ्ठ्या छापावयास तितकेही दिवस लागत नाहीत. दोन महिन्यांपूर्वीची तारीख स्वयंपाकासाठी नव्हती. माणसांवर दडपण आणण्यासाठी ती होती. लोक घाबरून लवकर पैसे भरतात, ह्या अनुभवाचा आम्ही उपयोग केला होता, आणि त्यास शिस्त हे नाव दिले होते.

आणखी एक गणित केले. समजा, शंभर जण स्वस्त दराने आले व पन्नास जण महाग दराने. एकूण जमा झाली पाच लाख पंचवीस हजार. सर्वांस एकच दर ठेवला असता, तर हीच रक्कम प्रत्येकी साडेतीन हजारांत जमली असती. म्हणजे लवकर आलेल्या शंभरांनी प्रत्येकी पाचशे रुपये कमी दिले आणि उशिरा आलेल्या पन्नासांनी प्रत्येकी हजार रुपये अधिक. आम्ही ज्यास सूट म्हणत होतो, ती आमच्या तिजोरीतून गेलीच नव्हती. पन्नास माणसांच्या खिशातून पन्नास हजार रुपये काढून आम्ही ते शंभर माणसांत वाटले होते. सूट आणि दंड ह्या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. कोणती बाजू वर ठेवावयाची, हे पत्रक छापणाराच ठरवितो.

मग मी नोंदवही काढून ह्या शंभरांत कोण होते व पन्नासांत कोण होते, हे पाहिले. लवकर पैसे भरणाऱ्यांत मोठ्या खाजगी संस्थांतील मंडळी पुष्कळ होती. त्यांचे शुल्क त्यांच्या कचेरीने परस्पर भरले होते. शिक्षणाची साधने विकणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी होते. त्यांचे पैसे तर पहिल्याच दिवशी आले. ह्यांतील कोणालाही लवकर उठण्याचे कष्ट पडले नव्हते. दुसऱ्या यादीत ज्यांना रजा मंजूर करून घ्यावी लागते, ज्यांच्या निबंधाचा निकाल उशिरा लागतो, ज्यांना आधी स्वतः खर्च करून मग संस्थेकडे पावत्या सादर कराव्या लागतात, असे लोक अधिक होते. अर्थात् काही आळशीही होते. ते सर्वत्र असतात. परंतु आळस हा त्या यादीचा सामान्य गुण नव्हता. अनिश्चितता हा होता. आपले उद्याचे दिवस आपल्या हाती असणे, ही देखील एक प्रकारची संपत्ती आहे. ज्याच्याजवळ ती नाही, त्याच्याकडून आपण तिच्या अभावाबद्दल दंड घेत होतो.

दौंडच्या स्थानकावर उभे राहिले असता ह्या गोष्टीचे एक चांगले उदाहरण मिळते. दौंड हे मोठे जंक्शन; मनमाडकडे जाणारा फाटा येथे १८७८ साली निघाला. येथून पुण्यास सुमारे ७५ किलोमीटर जावयाचे, तर अनारक्षित डब्याचे तिकीट सकाळी काढा की गाडी फलाटास लागताना काढा, भाडे एकच. तेथे कोणी उशिराचा दंड घेत नाही. आरक्षित जागांना मात्र १९९७ पासून 'तत्काळ'चा निराळा दर आहे, आणि २०१६ पासून काही गाड्यांत जागा भरत जातील तसतसे भाडे चढते. त्याबद्दलही तक्रार करता येईल; परंतु तेथे निदान एक कारण आहे. शयनाची जागा मोजकी असते. एकाने घेतली की दुसऱ्यास मिळत नाही. सभागृहाच्या मागल्या रांगेतील खुर्ची तशी नसते. ती रिकामी राहिली तर कोणासच मिळत नाही. ज्या वस्तूची वाण आहे तिचा दर वाढणे निराळे, आणि जी वस्तू पडून आहे तिचा दर केवळ तारीख उलटली म्हणून वाढविणे निराळे.

देणे केव्हा द्यावयाचे, हा प्रश्न देणे किती द्यावयाचे ह्या प्रश्नाहून कमी महत्त्वाचा नाही, हे ह्या दोन तालुक्यांच्या भूमीस तरी सांगावयास नको. दीडशे वर्षांपूर्वी येथील शेतकऱ्यास सारा रोखीने व ठरलेल्या हप्त्यास भरावा लागे. पीक कसे आले, ते विकले गेले की नाही, ह्याची वाट पाहावयास हप्ता थांबत नसे. म्हणून शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जाई. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसास चढलेला भाव १८६५ नंतर कोसळला, सारा मात्र पुष्कळ ठिकाणी वाढला. १८७४च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावच्या लोकांनी सावकारावर बहिष्कार घातला. १८७५च्या मे महिन्यात सुपे येथे दंगा उसळला. हे गाव आज बारामती तालुक्यात असले, तरी तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते आणि दौंडचा प्रदेशही त्याच तालुक्यात मोडे. लोकांनी पुष्कळ ठिकाणी सावकारास मारले नाही. त्याचे रोखे जाळले. सरकारने चौकशी केली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ कायदा करावा लागला.

परिषदेच्या शुल्काची तुलना त्या दैन्याशी करणे हास्यास्पद होईल. तशी ती मी करीत नाही. घरदार गमावलेल्या माणसाचे दुःख आणि एका सभेस मुकलेल्या शिक्षकाची खंत ह्यांना एका तराजूत घालता येत नाही. परंतु लहान गोष्टीत आणि मोठ्या गोष्टीत तत्त्व एकच असू शकते. देणाऱ्याच्या हाती पैसा केव्हा येतो, ह्याचा विचार न करता घेणाऱ्याने आपल्या सोयीने दिवस ठरवावा, आणि तो चुकल्याचे मोल देणाऱ्याने भरावे, ही ती रीत. आपल्या जुन्या गावगाड्यात पुष्कळ दोष होते; जातींच्या उतरंडीवर तो उभा होता, आणि त्याचे गोडवे गाण्याची मला इच्छा नाही. तरी बलुत्याचा वाटा धान्य खळ्यावर आल्यावरच द्यावयाचा, पेरणीच्या दिवसांत मागावयाचा नाही, एवढे शहाणपण त्यात होते. आजच्या कायद्यातही ते क्वचित आढळते. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाचे पैसे कारखान्याने १४ दिवसांत द्यावेत, न दिल्यास त्यावर व्याज द्यावे, असे ठरविले. तेथे उशिराचा दंड सबळावर आहे, दुर्बळावर नाही.

ह्यावर एक आक्षेप घेण्यात येईल, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. कोणाला उशीर झाला आणि कोणी केला, हे समितीने ठरवावयाचे कसे? प्रत्येकाच्या रजेचा कागद तपासावयाचा काय? तसे केल्यास गरजू माणसास आपली अडचण उघडी करून दाखवावी लागेल, आणि बोलका मनुष्य सवलत घेऊन जाईल. नियमाचा मोठा गुण हाच की तो कोणाची याचना ऐकत नाही, म्हणून कोणास याचना करावी लागत नाही. हा आक्षेप मला खरा वाटतो. शिरूरच्या त्या शिक्षकांस मला पत्र लिहावे लागले, हाच मुळी दोष होता. मी त्यांस होकार दिला असता, तरी तो नाहीसा झाला नसता. म्हणून उपाय अपवादात शोधावयाचा नाही, नियमातच शोधला पाहिजे.

तो फारसा कठीणही नाही. पहिली गोष्ट, सवलतीची तारीख निबंधांचा निकाल कळविल्यानंतर पुरेशा दिवसांनी यावी. आपण स्वतः उत्तर देण्यास उशीर करावयाचा आणि दुसऱ्याच्या उशिराचे पैसे घ्यावयाचे, हे कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही. दुसरी गोष्ट, येण्याचे वचन आणि पैसे ह्या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. समितीस आधी लागते ती संख्या. वचन आणि थोडीशी अनामत लवकर घ्यावी, बाकीची रक्कम परिषदेच्या आधी आठवडाभर घ्यावी. जो वचन देऊन कळविल्यावाचून येत नाही, त्याची अनामत बुडावी. खरा भार तो टाकतो. उशिरा पण प्रामाणिकपणे येणारा तो टाकत नाही. तिसरी गोष्ट, लवकर भरणाऱ्यास सूट द्यावी. परंतु त्याच्या लवकर भरण्याने जितकी बचत होते तितकीच. ह्या तिन्ही गोष्टी केल्या, तर आजवर तीन हजारांत येणाऱ्या माणसास साडेतीन हजारांच्या आसपास भरावे लागतील. हे लपविण्यात अर्थ नाही. न्यायाचा खर्च कोणास तरी सोसावा लागतो. आजपर्यंत तो सोसणारी माणसे आपल्याला दिसत नव्हती, एवढेच.

ज्यांना आधी देणे शक्य आहे त्यांनी आधी द्यावे, आणि त्या बळावर ज्यांना उशीर होणार आहे त्यांच्यासाठी दार उघडे ठेवावे, ही कल्पना कोणास भाबडी वाटल्यास त्याने दौंड तालुक्यातीलच केडगावचे स्मरण करावे. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना १८८७च्या डिसेंबरात बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे साहाय्य देण्याचे आगाऊ वचन दिले. त्या वचनाच्या आधारावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो निराश्रित मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. त्यांतूनच केडगावचे मुक्ति सदन वाढले. बोस्टनच्या त्या लोकांनी पैसे आधी दिले, परंतु त्याबद्दल स्वतःसाठी काही स्वस्त करून मागितले नाही. आणि ज्या मुली आल्या, त्यांनी कोणत्याही मुदतीत नाव नोंदविले नव्हते. दुष्काळ त्यांना जेव्हा घराबाहेर काढील, तेव्हा त्या येणार होत्या. लवकर देऊ शकणे हे भाग्य आहे, आणि भाग्याबद्दल बक्षीस मागावयाचे नसते, एवढे तरी आपल्याला त्यापासून घेता येईल.

परंतु हा सर्व उपदेश समित्यांनाच करून थांबलो, तर तो अर्धाच होईल. उशिरा येणाऱ्यावरही एक कर्तव्य आहे, आणि ते सत्याचे आहे. 'मला उशीर झाला' ह्या वाक्याची पत आपण सर्वांनी मिळून घालविली आहे. पाहुणे दोन तास उशिरा येतात आणि रस्त्यावरील गर्दीचे नाव सांगतात. लेखक मजकूर महिनाभर अडवितो आणि प्रकृतीचे नाव सांगतो. ज्याने उशीर केला तो झाला म्हणून सांगतो, आणि म्हणून ज्याला खरोखरच झाला त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. समित्या कठोर होतात त्याचे एक कारण हे आहे. शिरूरच्या शिक्षकांच्या पत्राकडे मी ज्या संशयाने पाहिले, तो त्यांच्याविषयीचा संशय नव्हता. तो आधी आलेल्या पन्नास खोट्या सबबींनी माझ्या मनात साठवून ठेवलेला होता. आपण एक सबब सांगतो तेव्हा कोणा अनोळखी माणसाच्या खरेपणातून थोडे काढून घेतो.

परिषद संपली त्या दिवशी सायंकाळी मी सभागृहात मागे राहिलो होतो. खुर्च्या उचलण्याचे काम चालले होते. उजवीकडील शेवटच्या दोन रांगा तिन्ही दिवस रिकाम्याच राहिल्या होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. 'खेड्यातील वर्ग आणि नवी साधने' ह्या विषयावर त्याच दिवशी दुपारी तेथे चर्चा झाली होती. चर्चा करणारे चौघेही शहरातले होते, आणि त्यांतला एक मी होतो. बोलीभाषेतून वाचनाकडे मुलांस कसे न्यावे, असा प्रश्न एका श्रोत्याने विचारला, तेव्हा आम्ही चौघांनीही पुस्तकांत वाचलेले सांगितले. ज्याने ते करून पाहिले होते, तो मनुष्य त्या वेळी सत्तर किलोमीटरांच्या आतच, आपल्या शाळेत असावा.

पुढील परिषदेच्या तारखा ठरविण्यासाठी समितीची बैठक आता व्हावयाची आहे. वर लिहिलेल्या तीन गोष्टी मी तेथे मांडणार आहे. त्या मान्य होतील की नाही, हे सांगता येत नाही, कारण त्यांविरुद्धचे सर्व युक्तिवाद माझेच असून ते सभासदांच्या ध्यानात आहेत. त्याआधी शिरूरच्या त्या शिक्षकांस एक पत्र लिहावयास बसलो. सवयीने लेखणीतून पहिले वाक्य उतरले, 'आपल्या पत्राचे खरे उत्तर देण्यास मला उशीर झाला.' ते वाचून पाहिले, 'झाला' हा शब्द खोडला आणि 'मी उशीर केला' असे लिहून पुढे गेलो.